जिना आधी, रस्ता नंतर: फोल्डिंग सायकल आणि ई-सायकल रोजच्या वापरासाठी घेताना

सायकल घ्यायला गेलेला माणूस दुकानात गिअर मोजतो, सीट दाबून बघतो, समोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारतो आणि पैसे देतो. मीही तसंच केलं होतं. आपण कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही, हे दुकानात आठवलंच नाही. दिवसातला जेमतेम तासभर सायकल आपल्याला वाहून नेते. उरलेले तेवीस तास आपण तिला सांभाळतो: जिन्यात, पार्किंगमध्ये, ऑफिसच्या टेबलाखाली, मेट्रोच्या डब्यात. फोल्डिंग घ्यायची की इलेक्ट्रिक, याचं उत्तर त्या तेवीस तासांत असतं.

म्हणून हा लेख दुकानातून सुरू होत नाही, घरातून सुरू होतो.

पहिलं काम: सिलिंडर उचला

घरगुती गॅसचा रिकामा सिलिंडर साधारण 15-16 किलोचा असतो. नेमका आकडा त्याच्या वरच्या कड्यावर लिहिलेला असतो. भरलेल्यात आणखी 14.2 किलो गॅस, म्हणजे एकूण 30 किलोच्या आसपास. आता रिकामा सिलिंडर घेऊन आपल्या मजल्यापर्यंत चढा. 20 इंची चाकांची साधी फोल्डिंग सायकल 13 ते 15 किलोची असते, म्हणजे तुम्ही आत्ता तिलाच उचललं असं समजा. दम लागला पण रोज जमेल असं वाटलं, तर फोल्डिंगचा विचार पुढे न्या. मग भरलेला सिलिंडर उचलून दोन पायऱ्या चढा, त्याहून जास्त नको. जाड टायरच्या फोल्डिंग ई-सायकली 25 किलोच्या पुढे जातात, त्यांचं वजन या बाजूला झुकतं. जाहिरातीत हीच सायकल कुणीतरी हसत हसत एका हातात धरून उभा असतो. तो जिना चढताना मात्र कधी दिसत नाही.

घडी न होणारी साधी ई-सायकल 20 ते 25 किलोची असते. तिला कुणी वर नेत नाही, त्यामुळे तिचं वजन फारसं छळत नाही. तिच्यासाठी एकच गोष्ट बघायची: बॅटरी किल्ली लावून निघते का? निघत असेल तर दोन-तीन किलोचा डबा पिशवीत टाकून वर न्यायचा, सायकल खाली राहू द्यायची. बॅटरी फ्रेममध्ये पक्की बसवलेली असेल आणि पार्किंगमध्ये प्लग नसेल, तर ती सायकल तुमच्यासाठी नाही. कितीही स्वस्त मिळत असली तरी.

त्यानंतर टेप काढा. 20 इंची सायकलची घडी साधारण 80 सेंटिमीटर लांब, 65 ते 70 उंच आणि 35 ते 40 रुंद होते. फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखा आणि आठवडाभर तसाच ठेवा. घरातली माणसं त्या चौकोनाबद्दल काय बोलतात, ते नीट ऐका. ब्रॉम्प्टनसारखी 16 इंची इंग्लिश सायकल याहून बरीच लहान, साधारण 58 बाय 56 बाय 27 सेंटिमीटर, आणि 11-12 किलोची होते. पण तिची किंमत लाखाच्या वर आहे आणि टायरची वेगळीच अडचण आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

दुसरं काम: रस्त्याचे तुकडे पाडा

‘घर ते ऑफिस 14 किलोमीटर’ एवढ्या माहितीवर काही ठरवता येत नाही. रस्ता तुकड्यांत लिहा. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचा हा कागद बघा: घरापासून वनाज स्टेशन दीड किलोमीटर, वनाज ते रामवाडी मेट्रो, रामवाडीपासून खराडीतल्या ऑफिसपर्यंत पाचेक किलोमीटर. रिक्षाचे पैसे आणि रिक्षाची वाट बघण्यातला वेळ, दोन्ही त्या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये जात होते. असा कागद असेल तर उत्तर फोल्डिंग, आणि तीही बिनमोटरची. पुणे मेट्रोत सायकल नेता येते, पण घडी केलेली असली तर सरकत्या जिन्याच्या गर्दीत आणि डब्यात आपणही अवघडत नाही आणि शेजारचाही वैतागत नाही.

मुंबईचं गणित वेगळं. सकाळी साडेआठला चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलच्या साध्या डब्यात घडीची सायकल घेऊन चढणं म्हणजे भांडण विकत घेणं. लगेजचा डबा गाठा, किंवा गर्दीच्या उलट दिशेने जाणारे असाल तरच या वाटेला जा. एक सायकल घरच्या स्टेशनपर्यंत आणि दुसरी, जुनी-पुराणी, ऑफिसच्या स्टेशनबाहेर साखळीने बांधलेली, हा उपाय कित्येकदा फोल्डिंगपेक्षा स्वस्त आणि सोपा पडतो. फोल्डिंग सायकलच्या चाहत्यांना तो आवडत नाही, ते सोडा.

आता दुसरा कागद: मध्ये मेट्रो-लोकल काही नाही, सलग 7 ते 12 किलोमीटर, वाटेत चढ किंवा दोन-तीन उड्डाणपूल, आणि पोचल्यावर लगेच मीटिंग. इथे मोटर उपयोगी पडते, आणि ती किती, हे आकड्यांतच बघा. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो धरा. 5 टक्के चढ, म्हणजे 100 मीटर जाताना 5 मीटर वर. चांदणी चौकाकडे जाताना अशा चढांची ओळख होतेच. तिथे ताशी 15 किलोमीटरने जायचं तर साधारण 240-250 वॅट शक्ती लागते. घाम न गाळता सामान्य माणूस 75 ते 100 वॅट देतो. बाकीची मोटर देते. मोटर नसेल तर त्याच चढावर त्याच ताकदीत वेग ताशी 6-7 किलोमीटरवर येतो. तेवढ्या वेगाने उतरून चालत गेलेलं काय वाईट!

मग फोल्डिंग आणि इलेक्ट्रिक दोन्ही एकत्र?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं मत स्पष्ट आहे. फोल्डिंग सायकल घेतात ती उचलण्यासाठी आणि मोटर-बॅटरीमुळे ती उचलता येत नाही. दोन्ही टोकांना लिफ्ट असेल, किंवा गाडीच्या डिकीत टाकून तळेगावच्या किंवा दापोलीच्या घरी न्यायची असेल, तर जरूर घ्या. ज्येष्ठ मंडळींसाठी तिचा एक वेगळाच फायदा आहे: फ्रेमचा मधला भाग खाली असतो, त्यामुळे पाय फार उचलावा लागत नाही, साडीतही बसता येतं. माझ्या मावशीने गुडघेदुखीमुळे सायकल सोडली होती, ती अशाच सायकलवर परत भाजी आणायला जाऊ लागली. तिने चार वर्षांत एकदाही घडी केलेली नाही. म्हणजे तिला हवी होती ती खाली वाकलेल्या फ्रेमची साधी ई-सायकल, आणि बिजागरीचे जादा पैसे वाया गेले.

दुकानात: पाच गोष्टी, याच क्रमाने

आधी टायरची बाजू वाचा. तिथे ‘20 × 1.75’ असं आणि शेजारी ‘47-406’ अशा धाटणीचा आकडा असतो. शेवटचे तीन आकडे महत्त्वाचे. 406 म्हणजे मुलांच्या 20 इंची सायकलचं माप, ते तालुक्याच्या गावातल्या सायकल मार्टमध्येही मिळतं. 451 हेही 20 इंचीच म्हणवून घेतं, पण 406 चा टायर त्यावर बसत नाही. ब्रॉम्प्टनचं 349 पुण्या-मुंबईतही मागवावं लागतं. लहान चाकाला हवा जास्त लागते आणि खड्डा मोठा वाटतो. त्यामुळे दीड-पावणेदोन इंच रुंदीचा टायर घ्या, बारीक नको.

ई-सायकल असेल तर दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी असलेली आणि ताशी 25 किलोमीटरला मोटरची मदत आपोआप बंद होणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको, विमा नको. काही दुकानदार हळूच सांगतात, ‘साहेब, लॉक काढून देतो, चाळीसने पळेल, कोण विचारतंय?’ रस्त्यात कुणी विचारणार नाही हे खरंच. पण कुणाला धडक बसली की ती सायकल बिनविम्याचं, बिननोंदणीचं वाहन ठरते. त्यावर सायकलचे ब्रेक आणि सायकलची फ्रेम चाळीसच्या वेगासाठी केलेले नसतात. चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागून बघा. अशी एक संस्था, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), आपल्या पुण्यातच टेकडीवर आहे.

तिसरी गोष्ट बॅटरी. ‘एका चार्जिंगमध्ये 60 किलोमीटर’ या वाक्याकडे दुर्लक्ष करा आणि बॅटरीवरचे दोन आकडे गुणा. 36 व्होल्ट, 7.8 अँपिअर-अवर: गुणाकार 280 वॅट-अवर. पॅडल मारत मदत घेतली तर किलोमीटरला साधारण 8 वॅट-अवर जातात, म्हणजे 35 किलोमीटर. पॅडल न मारता नुसता थ्रॉटल (स्कूटरसारखी हँडलची मूठ) पिळत बसलात तर 15 पर्यंत जातात, म्हणजे 19 किलोमीटरच. 10.4 अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर हेच आकडे 47 आणि 25. तुमचं रोजचं जाणं-येणं यातल्या लहान आकड्यात बसलं पाहिजे, कारण तीन वर्षांनी बॅटरी नवी असताना देत होती तेवढं देणार नाही.

चौथी गोष्ट चाचणीची. मोटर बंद करून एक किलोमीटर चालवा. बॅटरी संपलेल्या रात्री हीच सायकल तुम्हाला घरी आणणार आहे. मग मोटर चालू करून अगदी हळू, माणसांच्या गर्दीतून जाता येतं का बघा. स्वस्त सायकलींत फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तो अर्धी फेरी उशिरा जागा होतो आणि मग एकदम ढकलतो. पायाचा जोर मोजणारा सेन्सर महाग असतो, पण गल्लीबोळात त्याचे पैसे वसूल होतात. फोल्डिंग असेल तर दुकानदाराला करू न देता स्वतः घडी करा, उचलून काउंटरवर ठेवा, परत उघडा. बिजागरी बंद केल्यावर पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवा. ‘कट्’ असा आवाज किंवा सैलपणा जाणवला, तर ती सायकल घेऊ नका.

पाचवी गोष्ट माझ्या अनुभवातून आली. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा), डिस्प्ले, चार्जर आणि नवी बॅटरी यांच्या किमती आणि मिळण्याचा वेळ लिहून घ्या. आमच्या घरच्या ई-सायकलचा कंट्रोलर जळाला, तेव्हा ‘चार दिवसांत येईल’ म्हणणाऱ्याने सहा आठवडे लावले. सायकल जागच्या जागी उभी होती, आणि मला रोज जिन्यात तिला ओलांडून जावं लागत होतं.

पहिला महिना

फोल्डिंग सायकल आणली की पहिल्या संध्याकाळी वीस वेळा घडी करा आणि उघडा. अकराव्या वेळेपर्यंत बोटं चिमटतात, नंतर हात आपोआप चालतो. क्रम ठरवून टाका: आधी सीट खाली, मग पॅडल दुमडायचं, मग मधली बिजागरी, शेवटी हँडल. उघडताना याच्या उलट, आणि प्रत्येक लॅच लागल्याची हाताने खात्री केल्याशिवाय बसायचं नाही. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. उंच माणसं इथे चूक करतात. चढावर उभं राहून हँडल खेचत पॅडल मारायची सवय असेल तर ती मोडा, लांब हँडल-दांडा त्यासाठी नसतो. पहिले काही दिवस एका हाताने इशारा देताना सायकल डुगडुगेल, त्यामुळे रिकाम्या रस्त्यावर सराव करून मगच कर्वे रस्त्यावर जा.

कव्हर शिवून घ्या. जुन्या चादरीचं, तळाला नाडी असलेलं, शिंपी शंभर-दीडशेत शिवून देतो. चेनचं तेल कुणाच्या कपड्यांना लागत नाही. शिवाय ऑफिसच्या गेटवरच्या वॉचमनला सायकल दिसली की नियम आठवतो, तीच कव्हरात असली की ती बॅग होते.

ई-सायकल खाली पार्किंगमध्ये राहणार असेल तर किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढे पैसे कुलपावर घाला. पातळ केबलचं कुलूप पक्कडीने तुटतं. जाड यू-लॉकने फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही खांबाला जखडा, कारण मोटर बहुधा त्याच चाकात असते.

चार्जिंग

36 व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर 42 व्होल्ट देतो, 48 वाल्याचा 54.6. पिना सारख्या दिसतात, म्हणून शेजाऱ्याचा चार्जर लावून बघू नका. त्यातून आग लागू शकते. चार्जिंग दाराच्या वाटेवर करू नका, पलंगाखाली करू नका, सगळे झोपल्यावर तर नकोच. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास बॅटरी थंड होऊ द्या, मग लावा.

लिथियम बॅटरीला उन्हाळा मारतो. चार्ज करताना तिचं तापमान साधारण 45 अंशांच्या आत लागतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोचतो, उन्हात उभ्या सायकलची बॅटरी त्याहून कितीतरी वर असते. विदर्भातल्यांनी बॅटरी काढून आत न्यायची आणि चार्जिंग पहाटे उठल्यावर करायचं. रोज शंभर टक्के भरायची गरज नाही, 80 च्या आसपास थांबवली तर ती जास्त टिकते. महिनाभर गावाला जाणार असाल तर अर्धी भरून ठेवा. रिकामी ठेवलेली बॅटरी परत आल्यावर जागी होईलच असं नाही.

विमानाने जाताना साधी फोल्डिंग सायकल सामानात देता येते. ई-सायकलची बॅटरी नेता येत नाही, कारण 160 वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाच्या सामानात चालत नाही आणि आपली 280 ची आहे.

पाऊस

ई-सायकल पावसात चालते, पाण्यात बुडालेली चालत नाही. चाकाचा आस पाण्याखाली जाईल इतकं पाणी रस्त्यावर असेल तर उतरा. मोटरची वायर त्या आसातूनच आत जाते. डिस्प्लेवर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतं. वायरींच्या जोडांवर पावसाळ्याआधी थोडं पेट्रोलियम जेली लावा. गाडी धुण्याच्या प्रेशरच्या पाइपखाली सायकल कधीच नको, ओल्या फडक्याने पुसा. कोकणात आणि गोव्यात पावसापेक्षा खारी हवा जास्त त्रास देते: बिजागरीचा खिळा आणि लॅचचे स्क्रू आतून गंजतात. पंधरा दिवसांनी तेलाचे दोन थेंब टाका आणि महिन्यातून एकदा लॅच घट्ट आहे ना ते बघा. रिमवर घासणारे ब्रेक ओल्या रस्त्यावर उशिरा धरतात. पावसाच्या गावात डिस्क ब्रेक घ्या.

पंक्चर

ई-सायकल बघून पंक्चरवाला हात वर करतो. त्याला समजावून सांगा: चाक काढायचंच नाही. सायकल आडवी करायची, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवायची, ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधून पॅच लावायचा. दहापैकी आठ पंक्चर असेच निघतात. चाक काढावंच लागलं तर मोटरच्या वायरीचा जोड आधी सोडवा (त्यावर बाण असतात, ते समोरासमोर आणूनच परत जोडायचा), आणि आसाच्या नटासाठी बहुधा 18 नंबरचा पाना लागतो. तो सायकलबरोबर ठेवा. नटामागचे वॉशर कोणत्या क्रमाने निघाले, त्याचा फोटो काढा. उलटे बसले तर मोटर जोर लावताना आस फिरतो आणि वायर पिळून तुटते.

पैशांचा हिशेब

280 वॅट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, एक तृतीयांश युनिट लागतं. युनिटला 10 रुपये धरले तरी साडेतीन रुपयांच्या आत, म्हणजे किलोमीटरला 10 पैसे. दुकानदार इथेच थांबतो. आपण पुढे जाऊ. रोज 10 किलोमीटर, वर्षाला 250 दिवस, चार वर्षांत 10,000 किलोमीटर. तेवढ्यात बॅटरी 300 वेळाही पूर्ण भरत नाही, पण वयाने आणि उष्णतेने थकते. नवी 12,000 रुपयांना धरली तर किलोमीटरला 1 रुपया 20 पैसे वाढले. टायर, ब्रेक, सर्व्हिस मिळून आणखी तीस-चाळीस पैसे. स्कूटर लिटरला 45 किलोमीटर जात असेल तर नुसत्या पेट्रोलचेच सव्वादोन रुपयांच्या वर होतात. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. साध्या फोल्डिंग सायकलला बॅटरीचा खर्चच नाही. वनाज-रामवाडी करणाऱ्या त्या बाईंचे पैसे फक्त रिक्षाभाडं वाचून वर्षाच्या आत फिटले.

थकलेली किंवा फुगलेली बॅटरी माळ्यावर टाकू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. तो ती हातोड्याने फोडायला जाईल. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या, आणि दिल्याचं बिलावर लिहून घ्या.